आत्याचं रडणं मी शिबिरात नेलं

ये वो सोनू, अशी जवळ सरक. कागदावर लिहून राहिली म्हणून काय झालं, मी लिहिते तेही बोलल्यासारखंच, तेव्हा वाचताना कान इकडेच दे. आणि आधी थोडी रागावून घेते, मग पुढचं. परवा फोन केलास आणि म्हणालीस, "आजी, हमारे समर कैंप में हेरिटेज का नाटक है, दो मिनट का कुछ भेज दो ना." अगं, दोन मिनिटांत माझा चष्मा सापडत नाही, वारसा कुठून सापडणार? वरून "हव, हव, बाद में बात करते हैं" म्हणत फोन ठेवूनही दिलास. आजी जेवलीस का, गुडघा कसा आहे, काही विचारपूस नाही. जाऊ दे. मीही एका उन्हाळ्यात अशाच शिबिरात गेले होते, ते आज सगळं लिहून काढते. माझी शाळा नववीपर्यंत, तीही हिंदीतली. मराठी लिहायला मी बाबांच्या नागपूरहून येणाऱ्या पेपरावरून शिकले, अक्षर अक्षर गिरवून. त्यामुळं मधेच 'मला' येईल, मधेच 'मले' येईल. दोन्ही माझेच आहेत, चालवून घे.

तेव्हा आम्ही रायपुरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात एक नळ, आणि त्या नळाला पाणी आलं की आधी तो खोकल्यासारखा आवाज करायचा. बाबा रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर. पहाटे भोंगा वाजला की सगळी लाईन एकदम जागी व्हायची. सायकलींच्या घंट्या, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, आणि शेजारच्या बिसाहिन बाईचं नवऱ्याला हाका मारणं. बिसाहिन बाई छत्तीसगढीच, महासमुंदकडची. तिच्यामुळं आमच्या घरी उन्हाळ्यात बासी सुरू झाली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी त्यात मीठ, फोडलेला कांदा आणि कच्च्या आंब्याची चटणी. ते खाऊन माणूस लू, म्हणजे उन्हाची झळ, लागल्याशिवाय सदर बाजारपर्यंत जाऊन येतो, अशी आईची खात्री. आता डॉक्टर लोक बासीचे फायदे टीव्हीवर सांगून राहिले, तेव्हा मले हसू येते. बाबा मात्र बासी खाताना दार लोटून घ्यायचे. कोणी साहेब येईल, पाहील, म्हणेल गावंढळ आहेत. बाबांना गावंढळ या शब्दाची फार धास्ती होती. गावाकडचं काहीही त्यांना चालायचं नाही. भंडाऱ्याकडचं आमचं गाव त्यांनी जे सोडलं ते पुन्हा नावही काढलं नाही. घरात देव नव्हते, ते आजोबांनीच वैनगंगेत सोडले होते. भिंतीवर तथागतांची तसबीर, तिच्यासमोर संध्याकाळी सगळ्यांनी हात जोडायचे, आणि मग बाबा पेपर घेऊन बसायचे ते जेवणापर्यंत.

शिबिर भरणार होतं ब्राह्मणपारा म्हणून मोहल्ला आहे तिथं, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. आम्ही काही मंडळाचे मेंबर नव्हतो. पण झालं असं, की मे महिन्यात ब्राह्मणपाऱ्यातली अर्धी पोरं आजोळी गेलेली, आणि नाटकाला पोरं कमी पडली. म्हणून मंडळाचे सेक्रेटरी दांडेकर काका स्कूटर घेऊन आमच्या लाईनीत मराठी पोरं शोधत आले. दारोदारी जाऊन विचारायचे, "मराठी येतं का? चालता येतं? मग पाठवा." मी बारा वर्षांची, अंगानं काडी, पण आवाज असा की आई म्हणायची, भोंगा बंद पडला तर कारखान्यावाले हिलेच घेऊन जातील. बाबांनी परवानगी दिली, कारण त्यांना वाटलं पोट्टीची मराठी सुधारेल आणि चार चांगल्या घरच्या मुलींत बसणं-उठणं होईल. सकाळी पाळीवर जाताना मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ते आधी ब्राह्मणपाऱ्यात सोडत, मग उलटे कारखान्यात जात. तेवढ्यासाठी ते अर्धा तास आधी निघायचे. हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

शिबिर घेणाऱ्या नीलाताई पुण्याच्या. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून रायपुरात आलेल्या, उन्हानं हैराण, पण उत्साह असा की कपाळावर ओला रुमाल बांधून उभ्या. पोरं त्यांना "दीदी" म्हणायची, त्या म्हणायच्या "ताई म्हणा", पोरं म्हणायची "जी दीदी". पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की नाटक लिहिलेलं नाही, नाटक आपण आपल्या घरातून आणायचं. प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. त्या वस्तू जोडून एका लग्नाचं नाटक होईल, मुलगी पाहण्यापासून ते पाठवणीपर्यंत. ज्याची वस्तू आणि गोष्ट नाटकात बसेल, तो स्टेजवर येईल. बाकीच्यांना बाकीची कामं.

मग काय विचारतेस! दुसऱ्या दिवशी हॉल म्हणजे भांड्यांचं दुकान. कोणी समई आणली, कोणी अडकित्ता, कोणी तारा तुटलेला तंबोरा. मंजिरी नावाची एक गोरी, नाकेली मुलगी होती, तिनं तर पणजीची पैठणी आणली आणि ती कुणाला हात लावू देईना. मी आदल्या रात्री बाबांना विचारलं होतं, आपल्या घरात जुनं काय आहे. बाबांनी पेपरातून डोकं वर केलं नाही.

"आपल्यापाशी काही नाही. जुनं होतं ते सोडून आलो. बरं झालं."

"पण ताईनं आणायला सांगितलं."

"तर सांगजो, नाही म्हणून."

आईला माझी दया आली. तिनं तिच्या लग्नात आलेला वरवंटा पिशवीत घालून दिला. तो एवढा जड की सायकलचं कॅरिअर वाकलं, आणि बाबांनी विचारलं, "काय आहे त्यात?" मी म्हटलं, "पुस्तकं." हॉलमध्ये माझी पाळी आली. मी वरवंटा दोन्ही हातांनी वर काढला. नीलाताई म्हणाल्या, "वा, सुंदर! याची गोष्ट काय?" मी खूप विचार केला आणि म्हटलं, "याच्यानं चटणी होते." जे हसले सगळे, ते हसू मले आजही कानात ऐकू येते. नीलाताई हसल्या नाहीत, त्यांनी सगळ्यांना गप्प केलं; पण संध्याकाळी यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढं लिहिलं होतं: पडदा. पडदा ओढायचा. घरी येऊन मी सांगितलं तर बाबा म्हणाले, "पडद्याचं कामही जबाबदारीचं असते." ते बरोबरच होतं गं. पण मला स्टेजवर यायचं होतं. चटणीवरून हसणाऱ्या त्या सगळ्यांसमोर एकदा तरी मधोमध उभं राहायचं होतं. आणि बाबांनी ते पाहावं असं वाटत होतं. नीलाताईंनी अजून आठ दिवस दिले होते. कुणाला काही नवीन सापडलं तर आणा म्हणाल्या होत्या.

त्याच रविवारी गिरजाआत्या आली.

आत्या दर उन्हाळ्यात यायची, कुरडया-पापड करायला. बाबांची मोठी बहीण, उंच, हाडापेरानं दणकट, कमरेला गुडाखूची डबी. ती तंबाखूची मिश्री दातांना लावल्याशिवाय तिचं तोंड उघडत नसे, आणि लावल्यावर बंद होत नसे. तिला घ्यायला आम्ही सगळे स्टेशनवर जायचो. बिसाहिन बाईही यायची, सामान उचलायला म्हणून, खरं तर बघायला. कारण आत्याचं येणं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. पॅसेंजर थांबली. आत्या उतरली, लाखोळीच्या डाळीचं गाठोडं खाली ठेवलं, सुकवलेल्या अंबाडीची पिशवी त्यावर ठेवली, पदर नीट केला, आईकडे पाहिलं, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागल्या. साधं रडणं नाही वो. सुरात. एकीनं सुरू करायचं, दुसरीनं उचलायचं.

"वहिनी वो वहिनी, किती दिसांनं भेटली वो... गोंदियाले डब्बा बदलाव लागला वो... खिडकीपाशी जागा नाही भेटली वो..."

"बाई वो बाई, मागच्या साली लवकर गेल्या वो... पापडाचं पीठ तसंच राहिलं वो..."

आमच्याकडे बायका अशाच भेटायच्या आणि अशाच निघायच्या. वर्षभराचं जे काही सांगायचं, सासूचं, आजाराचं, म्हशीचं, ते रडण्यात घालून सांगायचं. दुःख असलंच पाहिजे असं नाही, पण रडणं खरं असलं पाहिजे. आणि त्याचा एक नियम. रडणारीनं आपणहून थांबायचं नाही. तिसऱ्या कुणी पाणी घेऊन यायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि गप करायचं. कोणी गप केल्याशिवाय थांबली, तर तिचं रडणं खोटं ठरलं. त्या दिवशी बिसाहिन बाईनं लोटा पुढं केला, "चुप हो जाव दीदी, ले, पानी पी लव," आणि दोघींचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. आत्यानं डोळे पुसले, पाणी प्यायली, माझ्याकडे पाहिलं. "पोट्टी वाळली काहून? चहा कुठं भेटते इथं?"

बाबा एवढा वेळ पलीकडं गाड्यांच्या वेळापत्रकासमोर उभे होते. ज्या स्टेशनच्या सगळ्या गाड्या माणसाला तोंडपाठ, त्याचं वेळापत्रक ते दर वर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. घरी आल्यावर म्हणाले, "बाई, स्टेशनवर तरी नको. तिथून माझे साहेब येतात-जातात."

"मग तुह्या साहेबाच्या बहिणी कशा येतात?" आत्या म्हणाली. "मुक्यानं?"

माझ्या डोक्यात मात्र दिवा पेटला होता. हे जुनं होतं. पैठणीपेक्षा जुनं. आणि ब्राह्मणपाऱ्यात कुणाच्याही घरी नव्हतं. दुपारी आत्या अंगणात बाजेवर कुरडया घालून राहिली होती, तिला मी म्हटलं, "आत्या, मले रडायला शिकव."

"हे का शिकवायचं असते? नवरा भेटला की येते आपोआप."

पण तिला गळ घातली तसं तिनं हात पुसले. गव्हाच्या चिकाच्या वासात, डोक्यावर ओलं फडकं ठेवून, आमचा वर्ग सुरू झाला. आधी नाव घ्यायचं, ज्याच्या गळ्यात पडलो त्याचं. मग कुठून आलो किंवा कुठं चाललो. मग गाऱ्हाणं. गाऱ्हाण्याशिवाय रडणं म्हणजे मिठाशिवाय वरण. शेवटचा 'वो' लांबवायचा आणि तिथंच श्वास घ्यायचा, मधे घेतला की हुंदका मोडतो. डोकं उजव्या खांद्यावर टाकायचं. आणि नाक दुसरीच्या पदराला लागू द्यायचं नाही. मी संध्याकाळपर्यंत घरात फिरत सराव केला. आईनं भाकरी थापता थापता दोनदा दचकून मागं पाहिलं. बिसाहिन बाई धावत आली, "का होगे? कोन मर गे?" सांगितल्यावर तिथंच बसली आणि माझा सूर सुधारून गेली. बाबा त्या रविवारी दुपारी ओव्हरटाईमला गेले होते, ते यायच्या आत आम्ही थांबलो.

सोमवारी शिबिरात मी हात वर केला. "ताई, मी नवीन आणलं."

"दाखव. कुठे आहे?"

"असं दाखवता येत नाही. कोणी तरी गळ्यात पडा."

कोणी येईना, तेव्हा नीलाताईच पुढं आल्या. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि सुरू केलं. "ताई वो ताई, पुण्याहून आली वो... इतक्या दूर आली वो... इथं उन्हानं तोंड भाजलं वो... ओला रुमाल बांधावा लागला वो..." मी गमतीनं सुचेल ते म्हणून राहिले होते. पण माझ्या पाठीवर नीलाताईंचा हात आला आणि तो घट्ट झाला. मी वर पाहिलं तर त्या बाईचे डोळे भरलेले. लहान दोन पोरं तर खरोखरच रडायला लागली, त्यांना आया आठवल्या. नीलाताईंनी रुमालानं तोंड पुसलं. "हे कुठून आणलंस तू?" मी म्हटलं, "आत्याकडून. ती आहे घरी. कुरडया घालून राहिली." त्या म्हणाल्या, "उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आत्या छत्री घेऊन, डबी कमरेला लावून ब्राह्मणपाऱ्यात दाखल. नवरीचं काम तोपर्यंत मंजिरीचं होतं. आत्यानं तिला रडायला लावलं. मंजिरी रडली, पण असं, की शिंक आली आणि तिनं ती रुमालात दाबली. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू चांगल्या घरची हाय माय, तुह्याच्यानं नाही होणार." मंजिरीला हे कौतुक वाटलं की काय कोण जाणे, ती खुशीनं नवरीची आई झाली, पैठणी नेसून. फक्त माझ्या कानात म्हणाली, "माझ्या पणजीच्या पैठणीला नाक लावलंस ना, तर बघ." आणि मी नवरी झाले. पाठवणीचा शेवटचा प्रवेश माझा. यादीत माझ्या नावापुढचा 'पडदा' खोडून नीलाताईंनी लाल शाईनं लिहिलं: वधू.

आता बाबांना सांगायचं कोणी? आत्याचं रडणं आणि तेही ब्राह्मणपाऱ्यात, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर! त्यांनी मला दुसऱ्या दिवशी शिबिरातून काढलं असतं. आई म्हणाली, "तुनं पडदा सांगितला ना? मग पडदाच राहू दे. नाटकाच्या दिवशी पडदा उघडतोच." आईचं खोटं असं स्वच्छ असायचं.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी पाचला हॉल भरला. पुढं खुर्च्या, त्यांवर मंडळाचे लोक, मधे प्रमुख पाहुणे म्हणून कुठल्याशा ऑफिसातले मोठे साहेब, त्यांच्यासमोर छोट्या टेबलावर गुलाबाचा हार आणि झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. साहेबांना मराठी येत नव्हती, ते हिंदीतच मान हलवत होते. बाजूला सतरंजीवर आमच्या लाईनीतल्या बायका, आत्यानं एकेक घर फिरून गोळा करून आणलेल्या, मराठी-छत्तीसगढी सगळ्या, डोक्यावर पदर, मांडीवर पोरं. बाबा मागं दाराशी उभे, इस्त्रीचा शर्ट घालून, पडदा कसा ओढला जातो ते पाहायला.

नाटक छान चाललं. समई लागली, अडकित्त्यानं सुपारी फुटली, तंबोरा न वाजता मिरवला. मग पाठवणी आली. मी मुंडावळ्या बांधून बाहेर आले, मधोमध उभी राहिले. मंजिरीच्या गळ्यात पडले, नाक सांभाळून, आणि सूर लावला.

"माय वो माय, तुह्या घरून चालली वो..."

माझा आवाज तुला सांगितलाच. तो हॉलच्या पत्र्याला लागून परत आला. आणि सतरंजीवरून, ठरवून दिल्यासारखं, आत्यानं उचललं. "लेकी वो लेकी..." तिच्या बाजूच्या बाईनं तिच्या गळ्यात हात टाकला. दुसरी तिसरीच्या गळ्यात पडली. आमच्याकडे हा सूर लागला आणि बाईमाणूस गप्प बसलं, असं होतच नाही गं. ते बोलावल्यासारखं असते. दोन मिनिटांत सगळी सतरंजी रडून राहिली होती. एक नणंदेचं सांगून राहिली होती, एक नवऱ्याच्या बदलीचं, एक गाय विकल्याचं. बिसाहिन बाई तर छत्तीसगढीत सुटली होती, "दाई ओ दाई, महासमुंद कतका दूरिहा होगे ओ..." माहेर किती लांब राहिलं, म्हणून. जी दर वेळी पाणी आणून गप करायची, तीच रडून राहिली होती. मग गप करणार कोण?

पुढच्या खुर्च्यांवर कुजबुज झाली. एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले, त्यांना पाहून शेजारचे उठले, आणि बघता बघता सगळ्या खुर्च्या उभ्या. साहेबांनी बूट काढले आणि हात जोडून मान खाली घातली. आवाज गल्लीत गेला होता. देवळापासचा फुलवाला, पिठाच्या गिरणीवाला, दोन-चार दुकानदार चपला बाहेर काढून आत आले आणि भिंतीला लागून उभे राहिले. साहेबांनी हळूच दांडेकर काकांना विचारलं, "कब हुआ?"

"सर, नाटक है."

"भाई, नाटक रोक दीजिए. ऐसे वक्त नाटक अच्छा लगता है क्या?"

"सर, यही नाटक है!"

नीलाताई विंगेतून मला खुणावत होत्या, बस, पुरे, थांब. मंजिरी खालच्या आवाजात म्हणत होती, "शकू, पुरे ना, खांदा दुखतोय." पण मी थांबणार कशी? कोणी गप केल्याशिवाय थांबले तर खोटी ठरले असते, आणि तेही आत्यासमोर, सगळ्या लाईनीसमोर. नवरीची गाऱ्हाणी तर संपली होती. हळदीचं झालं, हिरव्या चुड्याचं झालं, अंगणाचं झालं. सूर चालू आणि शब्द नाहीत. तेव्हा जे माझं होतं तेच तोंडातून बाहेर आलं.

"माय वो माय, मी वरवंटा नेला वो... सगळे मले हसले वो... माह्या बापानं म्हटलं वो, आपल्यापाशी काही नाही वो... काहीच नाही म्हटलं वो..."

सोनू, मी हे बोलले आणि मलाच ऐकू आलं. पण सूर हातात नसतो, तो पुढं जातो. मागं दाराशी इस्त्रीचा शर्ट हलला. मला वाटलं, बाबा निघून गेले. निघून गेले आणि आता पुन्हा कधी मला कॅरिअरवर बसवणार नाहीत, असं वाटलं, आणि मग जे रडले, ते नाटकाचं नव्हतं. पैठणीचा खांदा ओला झाला. मंजिरीनं खांदा तसाच राहू दिला.

बाबा निघून गेले नव्हते. ते खुर्च्यांच्या मधून पुढं आले, हात जोडून उभ्या असलेल्या त्या सगळ्या लोकांमधून. साहेबांच्या टेबलावरचा ग्लास उचलला, त्यांना विचारलंही नाही. स्टेजच्या तीन पायऱ्या चढले. कारखान्यातला तो खरबरीत हात माझ्या पाठीवर ठेवला आणि जसं म्हणायचं असतं तसं, त्याच ठेक्यात, सगळ्या हॉलला ऐकू येईल असं म्हणाले, "बस कर माय. बस कर. झालं. पाणी पी."

मी गप झाले. पाणी प्याले. बाबा खाली उतरले, उरलेला ग्लास घेऊन आत्याजवळ गेले. "बाई, बस कर. तूही पी." आत्या गप झाली. आत्या गप झाली तशी सतरंजी गप झाली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आत्यानं डोळे पुसले, सगळीकडे पाहिलं, उभ्या असलेल्या साहेबाला वर-खाली न्याहाळलं आणि विचारलं, "हे काहून उभे हायेत? चहा नाही दिला का यायले?"

हसू कुठून सुटलं माहीत नाही, पण सुटलं. दांडेकर काकांनी धावत जाऊन पडदा पाडला. साहेबांनी बूट घालून भाषण केलं, म्हणाले की त्यांनी आयुष्यात इतकी खरी ॲक्टिंग पाहिली नाही, आणि टेबलावरचा तो हार त्यांनी स्वतः उचलून आत्याच्या गळ्यात घातला. आत्यानं तो परत दिला. "मले कायले? मी अजून जिती हाय." मंडळानं पुढच्या वर्षी शिबिराच्या नियमांत एक ओळ वाढवली, असं मी ऐकलं: रडण्याचा प्रसंग असल्यास सेक्रेटरींना आधी कळवावे.

परत जाताना आई, आत्या आणि बायका रिक्षांतून गेल्या. मी बाबांच्या मागं कॅरिअरवर. सदर बाजारात सोनारांच्या दुकानांत दिवे लागले होते. मी बाबांच्या शर्टाला धरू की सीटला, हे ठरेना. बाजार संपल्यावर त्यांनी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी सायकल थांबवली. एक ग्लास माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि रसाकडे पाहत म्हणाले, "'बापानं म्हटलं वो', तिथं तू सूर वर नेला. तो खाली जाते."

मी ग्लास तोंडापासून खाली घेतला.

"असा," ते म्हणाले, आणि हळू आवाजात, रसवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्यांनी तो सूर म्हणून दाखवला. अगदी बरोबर होता. आत्यापेक्षाही बरोबर. "माह्या मायचा असा होता. मी नोकरीवर यायले निघालो तं ती मोटारीपाशी रडली. सगळे लोक पाहून राहिले होते. मले लाज वाटली. तिच्या पाठीवर हात ठेवून पाणी पी म्हणायचं होतं, तर मी आत जाऊन बसलो. मोटार सुटली. कोणी गप केलं तिले, का नाही केलं, मले माहीत नाही. पावसाळ्यात ती गेली."

मग रस संपवला. ग्लास धुऊन परत दिला, ते रसवाल्याचं काम होतं तरी. घरी आल्यावर त्यांनी दार न लोटता जेवण केलं की काय, ते मला आठवत नाही, खोटं कशाला लिहू. पण त्यानंतर आत्या गावाला निघाली तेव्हा स्टेशनवर लोटा बाबांच्या हातात होता, आणि बिसाहिन बाई रुसली होती, की माझं काम भाऊनं घेतलं.

बाकी काय. आत्या गेली, आई-बाबा गेले, क्वार्टर पाडून तिथं तीन मजली इमारती झाल्या. मंजिरी अजून आहे, समता कॉलनीत राहते, गुडघ्याच्या डॉक्टरकडं भेटते आणि त्या पैठणीच्या खांद्यावरचा डाग मला दर वेळी ऐकवते. तुझ्या कॅम्पसाठी यातलं काय घ्यायचं ते तू घे, पण तो सूर लिहून पाठवता येत नाही, म्हणून म्हणते, ये. तुझ्या आईला सुट्टी नसेल तर एकटीच ये, बिलासपूरहून गाडीला अंतर ते किती! या वर्षी दसहरी आंब्याची पेटी आणून पलंगाखाली पेंढ्यात दडवून ठेवली आहे, तुझ्या मामाला पत्ता नाही. खोलीत वास यायला लागला आहे, आता फार दिवस लपत नाही. या रविवारी जमलं तर या रविवारीच ये.